कोबीचा वास

मी एक जुने ओकचे पिंप आहे. जरा लांबूनच ऐका मित्रांनो, माझ्या तोंडाला वास येतो.

माझा देश मोल्दोवा. टेकड्या आहेत, काळी माती आहे, दोन अंगांना दोन नद्या आहेत. समुद्र मात्र शेजाऱ्यांच्या वाट्याला गेला. बिघडले काय? आमच्या तळघरांत एवढी वाइन होती की पौर्णिमेला तिला भरती यायची. मी स्वतः हेलकावे खाल्ले आहेत.

मला झाहारियाने घडवले. फळ्या विस्तवावर वाकवून त्याने लोखंडी कड्यांत आवळल्या. खिळा एकही नाही. तेव्हा गावावर रुमानियाच्या राजाचा अंमल होता. मग रशियन आले, मग पुन्हा रुमानियन, मग पुन्हा रशियन. झेंडा बदले, शाळेतली लिपी बदले. पण येणारा प्रत्येक जण माझ्यातली वाइन पिऊन माझी तारीफ करी.

झाहारियामागे मी त्याचा मुलगा गाव्रिल याच्याकडे आले. त्याला एकच मुलगी, राइसा. आमच्याकडची रीत अशी की लग्नात मुलीच्या बापाने घरच्या पिंपाचे बूच काढायचे आणि पहिला पेला व्याह्यांना द्यायचा. राइसाचे लग्न ठरले होते. तिची वाइन माझ्या पोटात मुरत होती. गाव्रिल येता-जाता मला कान लावी आणि बायकोला, प्रोफिराला, बजावी, "हे फुटलं तर मी फुटलो समज."

तेवढ्यात मॉस्कोहून दारूबंदीचा हुकूम सुटला. द्राक्षवेली उपटा, घरातली पिंपे फोडा. ज्या वेली गाव्रिलने लावल्या, त्याच उपटायला त्याला ट्रॅक्टर देऊन धाडले. इकडे गावात कुऱ्हाडवाले दारोदार फिरू लागले. शेजारच्या घरातले पिंप फुटल्याचा आवाज मी ऐकला.

प्रोफिराने तो माझ्याआधी ऐकला होता. तिने बूच उपटले. थोडी वाइन डुकराच्या डोणीत गेली, बाकीची तळघराच्या मातीने पिऊन टाकली. मग तिने माझे झाकण उघडले आणि नुकताच खारवलेला कोबी, शेपूसकट, मिठाच्या पाण्यासकट, गळ्यापर्यंत माझ्यात कोंबला.

कुऱ्हाडवाल्यांचा साहेब आला. वाकला, हुंगला आणि मागे सरला. मग त्याची नजर अंगणात आडव्या पडलेल्या डुकराकडे गेली.

"याला काय झालं?"

"हुकूम ऐकून चक्कर आली, साहेब."

साहेबाला हसू आवरेना. जाताना वाडगाभर कोबी घेऊन गेला.

संध्याकाळी गाव्रिल आला, तो तळघराच्या पायरीवरच थांबला.

"पिंप वाचलं," प्रोफिरा म्हणाली.

"वास येतोय मला."

"फोडलं असतं रे त्यांनी."

"फोडलं असतं तर रडलो तरी असतो."

मित्रांनो, ओक वास विसरत नाही. एकदा कोबी शिरला की त्या पिंपात वाइन मुरायची नाही. इतरांच्या लग्नांत चहाच्या किटल्यांतून चोरून वाइन फिरायची. राइसाच्या लग्नात आमच्या किटलीत चहाच होता. व्याह्यांनी पहिला पेला हातात घेतला, घोट घेतला आणि म्हणाले, "छान उकळलाय हो."

पुढे देश स्वतंत्र झाला. वेली पुन्हा लागल्या. गाव्रिलने मला उकळत्या पाण्याने धुतले, आत गंधक जाळले, नवी वाइन भरली. एक घोट घेऊन सगळी ओतून दिली. त्यानंतर तो माझ्याकडे फिरकला नाही आणि मरेपर्यंत त्याने प्रोफिराच्या हातचा कोबी तोंडात घातला नाही. राइसा इटलीला गेली. परक्यांच्या म्हाताऱ्यांना भरवते. अर्धे गाव तिकडेच आहे.

गेल्या शरदात शहरातून एक माणूस आला. हॉटेलात मांडायला त्याला जुनी पिंपे हवी होती. त्याने मला थोपटले, "काय कारागिरी आहे!" म्हणाला, झाकण उचलले आणि पुन्हा ठेवून दिले.

प्रोफिरा आता एकटीच असते. एका बाईला बरणीभर कोबी पुरतो, तरी ती दरवर्षी मला काठोकाठ भरते. परवा मीठ पेरताना म्हणाली, "तुला वाचवलं, हे चुकलं का रे माझं?"

पिंपाला बोलता येत नाही, हे तिचे नशीब.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात. मी एवढेच सांगेन: जपण्याआधी जरा विचारा, त्या कशासाठी जगत होत्या.