उकळत्या पाण्याचा आवाज

रमजानात दुपारनंतरची, असरची नमाज आटोपली की मशिदीमागच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी जमतो. वाटसरू, बंदरावरचे हमाल, घरी कुणी नसलेली म्हातारी माणसं संध्याकाळी तिथे रोजा सोडायला येतात. त्यांच्यासाठी मोठं पातेलं भरून चोर्बा, म्हणजे मसुराचं सूप, करायचा, हा माझा नेम. नवरा गेल्यापासून तो एकदाही चुकू दिलेला नाही.

हाताखाली सल्वा असते, शिंप्याची बायको, जिभेला हाड नसलेली. आणि खाला खदूजा, आम्हा सगळ्यांच्या मावशी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी मसूर निवडायला त्यांच्यासारखी बोटं कुणाची नाहीत. फ्रिजवर जुना टीव्ही आहे. त्यावर मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजेच्या, आधी ‘सोन्याची पळी’ लागतं. ट्युनिसच्या स्टुडिओत एका हॉटेलचं स्वयंपाकघर उभारलंय, त्यात तरुण आचारी एकमेकांशी झुंजतात आणि पांढऱ्या टोपीतले मोठे शेफ त्यांच्यावर खेकसतात. आदल्या रात्री चित्रित केलेला भाग दुसऱ्या दिवशी दाखवतात. पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नसताना आम्ही ते बघतो आणि नावं ठेवतो.

“ही बघ, परत अंगठ्या घालून कणीक मळतेय,” सल्वा म्हणायची. “कुणाच्या तरी दाताखाली हिरा येणार.”

“येऊ दे की. बिचाऱ्याचं लग्न तरी होईल,” खाला म्हणायच्या. त्या कार्यक्रम बघत नसत, ऐकत. “लसूण जळला. आता हा मूर्ख त्यात टोमॅटो घालणार.” आणि तो घालायचाच.

“आणि भांडी कोण घासतं गं यांची?” सल्वा पुढे सुरू करायची. “एवढे तवे काढतात, घासताना एकजण दिसत नाही. ताट परातीएवढं, त्यात मासा करंगळीएवढा. वर फडक्यानं कडा पुसतात, जशी काही नवरीच बसवायचीय.”

माझ्या मनात वेगळंच यायचं. शेफ एक घास घेतात नि ताट सरकवून देतात. उरलेलं कुठं जात असेल? उपाशी माणसाच्या दारात ते जाताना कधी दाखवलं नाही. पण मी गप्प बसायची, कारण त्या झुंजणाऱ्यांत माझी मुलगी होती.

अरवा. जिंकणाऱ्याला बंदराजवळ स्वतःचं भोजनालय मिळणार होतं, आणि तिनं लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्या दिवशी अरवानं बटाट्यांचं पातेलं चुलीवरून उचललं आणि उकळतं पाणी सिंकमध्ये ओतलं. वाफेनं पडदा भरून गेला. पाण्याचा आवाज एवढा स्वच्छ आला की आमच्याच मोरीत कुणी ओतलंय असं वाटलं.

मसूर निवडणारी खालांची बोटं थांबली. “हादिया, तुझ्या मुलीनं नाव घेतलं नाही.”

“घेतलं असेल हो,” मी म्हटलं.

“मी ऐकत होते. फक्त पाणी वाजलं.”

आमच्याकडे मोरीत गरम पाणी ओतण्याआधी अल्लाहचं नाव घेतात, बिस्मिल्ला म्हणतात आणि ‘बाजूला व्हा, पोरंबाळं सांभाळा’ असं सांगतात. मोरीत, उंबऱ्याखाली, चुलीच्या राखेत ते राहतात, ते जागेचे लोक, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना भाजू नये म्हणून हे सांगायचं. चालायला लागल्यापासून आमच्या मुली हे म्हणतात.

“अहो खाला, तो स्टुडिओ आहे,” सल्वा हसली. “लाकडाच्या भिंती. तिथं कोण राहायला जाणार? त्या शेफच्या आरड्याओरड्यानं शैतानसुद्धा पळून गेला असेल.”

खाला हसल्या नाहीत.

रोजा सोडल्यावर मी अरवाला फोन केला. “नाव घेतलं नाहीस का गं?”

“मनात घेतलं, यम्मा. दिग्दर्शक म्हणतात, पाणी ओतताना कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. त्यांना वाफेचा आवाज हवा असतो. आणि इथं मोरीच नाहीये. सिंकला पाइप नाही, खाली नुसती बादली ठेवलीय. कॅमेऱ्यात दिसत नाही ती.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग झालं तर.”

“यम्मा, मी नंतर बादली काढायला वाकले. कोरडी होती.”

दुसऱ्या दिवशी हे खालांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मनातलं अल्लाहला ऐकू येतं. त्यांना कुठून ऐकू येणार? त्यांना तोंडानंच सांगावं लागतं.”

त्या दिवशीच्या भागात अरवानं सी-बास मासा केला. मोठ्या शेफनी घास घेतला आणि तिच्याकडे बघतच राहिले. “मासा असा शिजवलास की नाव ठेवायला जागा नाही. पण पोरी, मीठ विसरलीस.”

“विसरली कशी?” सल्वा ओरडली. “आम्ही बघितलं की! चांगला चिमटाभर टाकला तिनं!”

“टाकला,” खाला म्हणाल्या. “पण पडला नाही. तव्यात मीठ पडलं की चरचरतं. मी कान लावून बसले होते.”

त्याच्या पुढच्या दिवशीही तेच झालं. कुसकुस, वर कोकराचं मटण, आणि शेफ म्हणाले, “पुन्हा अळणी. ही शेवटची ताकीद.” कॅमेरा अरवाच्या चेहऱ्यावर गेला. मला वाटलं होतं ती रडेल. पण ती समजत नसल्यासारखी बघत होती. तिनं स्वतः चमचाभर चाखलं आणि मान डोलावली. तिला ते बरोबर लागत होतं.

रात्रीची वाट न बघता मी फोन लावला.

“मला इथलं सगळं खारट लागतं, यम्मा,” ती म्हणाली. आवाज शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. “हॉटेलातली भाकरी तोंडात धरवत नाही. मी केलेलं तेवढं गोड लागतं. आणि जेवताना एकटं वाटत नाही.”

त्या लोकांना मीठ चालत नाही. त्यांचं अन्न अळणी असतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. माझी मुलगी त्यांच्या ताटाशी जेवायला बसू लागली होती.

“शेवटचा भाग उद्या थेट दाखवणार ना?” मी विचारलं. “उद्या पाणी ओतायची वेळ आली की मोठ्यानं नाव घे. त्यांना सांग, माफी माग.”

“दिग्दर्शक मला हाकलतील. भोजनालय जाईल, यम्मा.”

“जाऊ दे.”

“तुला सोपं आहे म्हणायला.”

“सोपं नाही, माझ्या बाळा. पण चव नसलेली आचारीण ते भोजनालय घेऊन काय करणार? आणि मी कुणाची आई राहणार?”

तिनं फोन ठेवला.

शेवटच्या भागात मगरिबची तोफ झाली की हात वर करायचे आणि शेफनी त्याच घासानं रोजा सोडायचा, असं ठरलं होतं. माझा चोर्बा मंद आचेवर होता. मी हातात तसबीह धरली होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

अरवानं उकळतं पातेलं उचललं. स्टुडिओ चिडीचूप झाला. सिंकपाशी जाऊन ती थांबली आणि सगळ्या देशाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बिस्मिल्ला. चुकलं माझं. बाजूला व्हा, पोरंबाळं सांभाळा.”

प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. मोठे शेफ मात्र हसले नाहीत. तेही आमच्यासारख्याच कुठल्यातरी बाईचे लेक असणार.

आम्हाला वाटलं आता ती पाणी ओतेल. पण ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. तिची नजर सिंकखाली गेली, मग हळूहळू जमिनीवरून दाराकडे सरकत गेली. लेकुरवाळी बाई पोरांना हाताशी धरून रस्ता ओलांडत असली की आपण अशीच गाडी थांबवून बघतो. नजर मध्येच थांबायची. मग पुन्हा सरकायची.

“काय चाललंय?” खालांनी विचारलं.

“काही नाही,” सल्वा कुजबुजली. “नुसती उभी आहे.”

“नुसती कशी? एवढी छोटी छोटी पावलं वाजतायत. एकजण लंगडतोय.”

सल्वानं टीव्हीचा आवाज मोठा केला. मला दिव्यांची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही.

अरवानं पाणी ओतलं आणि ती धावली, पण उशीर झाला होता. तोफ झाली तेव्हा तिच्या दोन ताटांपैकी एक रिकामंच होतं. शेफनी भरलेल्या ताटातला घास घेतला. “मीठ अगदी बरोबर,” ते म्हणाले, “पण अर्ध्या कामाला पळी देता येत नाही.” पळी अंगठ्यांवाल्या मुलीला मिळाली.

थोड्या वेळानं फोन आला. अरवा रडत होती. “यम्मा, ऑलिव्ह खाल्लं. खारट लागलं. छान खारट लागलं.” मी तिथंच जमिनीवर सजदा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती आली. सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यात पडली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण सल्वानं “काय गं, देशभर मोरीशी गप्पा मारल्यास?” म्हटल्यावर ती खळखळून हसली.

“आणि तो सेट?” सल्वानं विचारलं.

“सकाळीच मोडला. फळ्या, सिंक, बादली, सगळं ट्रकात घातलं. मी निघाले तेव्हा नुसती जमीन उरली होती.”

अजान झाली. आम्ही खजूर तोंडात टाकला. बाहेरच्या खोलीत वाट्या गेल्या, आमच्याही भरल्या. अरवानं पहिला घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

“यम्मा, यात मीठ नाही.”

“मी माझ्या हातानं घातलंय.”

“घातलंय,” खाला म्हणाल्या. “मी पडलेलं ऐकलं.”

सल्वानं चाखलं आणि वाटी खाली ठेवली. मीही चाखलं. तापवलेल्या पाण्यात मसूर. बाहेरून कुणीतरी म्हातारं हाक मारत होतं, “हादियाबाई, आज मीठ महागलं का?”

अरवा मोरीकडे बघत होती. “त्यांची जागा मोडली ना,” ती हळू म्हणाली. “मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं. कुठं जा ते सांगितलंच नाही.”

अल्लाहशिवाय कुणापुढे ताट मांडणारी बाई मी नव्हे. पण या दारात संध्याकाळी उपाशी आलेल्याला मी कधी हाकललेलंही नाही.

चिमूटभर मीठ काढून घेतलं आणि सल्वाला मिठाचा डबा घेऊन बाहेर पाठवलं, वाटीवाटीत घालायला. अरवाच्या वाटीत मी ती चिमूट सोडली, मोठ्यानं बिस्मिल्ला म्हटलं, आणि तिनं घोट घेईपर्यंत तिचं मनगट धरून ठेवलं.

“लागतं?”

“लागतं, यम्मा.”

मग मी पातेल्यावर अर्धवट झाकण ठेवलं. त्यात मात्र पुन्हा मीठ घातलं नाही.