लेकीच्या पुस्तकातली एकोणीस पानं

माझ्या लेकीने, ज्योत्स्नाने, कॉलेजावर कादंबरी लिहिली. ती पुण्याला कॉलेजातच शिकवते. पुस्तक मला गावी, मेडशीला पाठवलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, "वाच, अन् खरं सांग." चार वर्षं झाली, ती घरी आलेली नाही. दर रविवारी फोन करते, गोळी घेतली का विचारते, ठेवते. पुस्तकाच्या निमित्ताने दोन शब्द जास्त होतील, जमलं तर घरी ये म्हणता येईल, म्हणून मी वाचायला बसले. शिकलेली चौथीपर्यंतच आहे, पण मी कोणाच्या बापाला भीत नाही, पुस्तकाला काय भिणार.

ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत गेले. घरात ऐकायला कोणी नाही. शेजारची भागिरथा एकदा दारातून डोकावली.

"काकू, कोन आलं वं?"

"कोनी नाई. वाचून राह्यली."

"मले वाटलं, पाहुने आले."

"पाहुने आले का तुलेच आधी वास येते. जाय, काम कर."

ती गेली. मग वाटलं, बसवून घ्यायची होती, चहा तरी पाजायचा होता.

हॉस्टेलच्या पोरींचं लिहिलंय ते झकास. दोरीवरच्या ओल्या कपड्यांवरून भांडणं, मेसचं पाण्यासारखं वरण, एकीची साडी नेसून दुसरी फोटो काढते ते. मी एकटीच खदखदून हसले. पण ते मास्तर लोक! विभागाचा प्रमुख कोण होणार, यावर तीस पानं चहा पितात. तेवढ्या वेळात आम्ही सोयाबीनचं अर्धं वावर विळ्याने सोंगून टाकतो. आणि तो कविता करणारा पोरगा जगातल्या अन्यायावर बोलतो नि जेवलेलं ताट तिथंच ठेवून उठतो. माझ्या हाती लागला असता म्हणजे.

मग पुस्तकात ती बस आली.

खरी गोष्ट अशी. ज्योत्स्ना अमरावतीला शिकत होती, तेव्हा अंगणात माझ्या डोक्याला कावळा शिवला. आमच्याकडे कावळा शिवला की रक्ताच्या माणसाला मेल्याचा खोटा निरोप धाडतात. त्याने आसवं गाळली की संकट टळतं, मग लगेच खरं सांगतात. माझे दीर रामकिसन यांना मीच हॉस्टेलला फोन लावायला सांगितला. खरं सांगायला त्यांनी दुसरा फोन केला, तोवर पोरगी निघून गेली होती. दिवेलागणीला दारात उभी राहिली. मी मेथी निवडत होते. "पाह्य, आता शंभर वर्सं मले मरन नाई," म्हणून मी हसले. दुसऱ्या दिवशीचा तिचा पेपर बुडाला. ही गोष्ट मी किती लग्नांत सांगितली असेल. बाया पोट धरून हसायच्या.

पुस्तकात अमरावती ते गाव एकोणीस पानं आहेत. पोरगी अकोल्याला बस बदलते. खिडकीशी बसून आईचा चेहरा आठवायला जाते, तर चेहरा येतच नाही, नुसते हात आठवतात. पातूरच्या घाटात ती देवाला म्हणते, माझं शिकणं घे आणि आई दे. त्या पानावरून तीन दिवस माझं बोट पुढे सरकलं नाही. शेवटी पोरगी घरी पोचते, तर आई खरंच मेलेली.

मला राग आला. रविवारची वाट न पाहता मीच फोन लावला.

"वाचलं."

"मंग?"

"अर्धं चांगलं हाय. मास्तरांचा चहा कमी कर. अन् त्या पोट्ट्याले ताट धुवाले लाव."

ती हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं.

"पन मले काहून मारलं वं?"

हसणं थांबलं. "जिती ठेवली असती तं वाचनारे हसले असते, आई." मग हळूच म्हणाली, "तू हसली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हनून येत नाई काय घरी?"

"भेव वाटते. एखाद्या दिवशी काकाचा खराच फोन येईन, अन् मी म्हनीन खोटा हाय. निघनारच नाई मी."

मी सासूला म्हटलं नव्हतं, नवऱ्याला म्हटलं नव्हतं, ते म्हटलं. "माह्यं चुकलं. मी तवा हसाले नोको होतं. ये एकदा. मी हाय तवा ये."

ती येते म्हणाली नाही. तिच्याकडे कॉलेजची घंटा झाली, पोरापोरींचा गलका झाला, कोणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली, परत मारली. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.