बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. लांबीने तुमच्या वितीएवढी, रंगाने आता तांबूस आणि स्वभावाने जरा खरखरीत. मित्रांनो, दार कसे आहे हे सगळे पाहतात, पण कडीकडे कोणी निरखून पाहत नाही. ती आहे की नाही, एवढेच बघून माणसे पुढे जातात. ती दाराच्या कुठल्या बाजूला आहे हे कोणी न पाहिल्यामुळे काय झाले, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या लोहाराच्या दुकानात झाला. लोहार सळई तापवायचा, ठोकायचा, वाकवायचा आणि त्याची बायको शेजारी बसून आमच्या कडा कानशीने घासायची. पोराबाळांची बोटे कापू नयेत म्हणून ती प्रत्येक कड स्वतःच्या अंगठ्यावरून फिरवून बघायची. घाई केलेली तिला खपत नसे. नवरा ओरडला तरी ती म्हणायची की घरात घेऊन जाणाऱ्याला मी तोंड दाखवते, तुम्ही नाही. तिच्या हातून सुटलो तेव्हा आम्ही बारा बहिणी अशा गुळगुळीत झालो होतो की सरकताना आवाजही होत नसे. मला त्याचा फार गर्व होता. गर्वाचे घर खाली असते म्हणतात, ते मला पुढे कळले.

पुढे आम्ही एका दुकानात वर्तमानपत्रात गुंडाळून पडलो होतो. त्या सुमारास गावाच्या कडेच्या एका वस्तीला आग लागली आणि शंभर-सव्वाशे घरे एका सकाळीत राख झाली. एका संस्थेने त्या लोकांना एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या शेडमध्ये आसरा दिला. शेडमध्ये चटया टाकून, मध्ये चादरींचे पडदे बांधून कुटुंबे राहू लागली. शेडच्या मागे पत्र्याच्या छपराची बारा न्हाणीघरे उभारली आणि त्यांच्या दारांसाठी आम्हा बारा बहिणींना विकत आणले. कोणाच्या तरी कामी येणार म्हणून मी हरखून गेले होते.

सुतार मला सातव्या दाराच्या आतल्या बाजूला धरून खुणा करत होता, तेवढ्यात केंद्राचे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. सकाळी सहापासून धावपळ करायचा. पण त्याला माणसांपेक्षा वस्तूंची काळजी जास्त होती.

"आतून नको, बाहेरून लाव," ते म्हणाले. "आत्ताच दोन बादल्या आणि चार तोट्या गेल्यात. दुपारी पाणी बंद असतं, तेव्हा बारा ते चार सगळी दारं बाहेरून बंद ठेवायचीत."

"साहेब, न्हाणीघराला आतून कडी लागते," सुतार म्हणाला. "बायामाणसं जाणार आत."

"आतल्या कड्या पुढच्या खेपेला आणू."

पुढची खेप आली. तीत साबण आले, चटया आल्या, संस्थेच्या नावाचा मोठा फलक आला. कड्या आल्या नाहीत. आमचा कोयंडा बाहेरच्या चौकटीवर ठोकला गेला आणि दाराची आतली बाजू तशीच कोरी राहिली.

बायकांनी मग आपली रीत पाडली. एकटीने कोणी जायचे नाही. एक आत जाई, दुसरी बाहेर दाराला पाठ लावून उभी राही. आतली बाई सारखी बादलीवर तांब्या वाजवत राही, म्हणजे येणाऱ्याला कळावे की आत कोणी आहे. दिवसभर त्या तांब्यांची टणटण चालायची. तरीही काही पुरुष 'चुकून' दार ओढायचे. एखाद्या दिवशी एखादा चुकतो, पण रोज तेच तेच कसे चुकतात, हे मला कळत नसे. मी बाहेर लोंबकळत असायची आणि ओढणारा हात माझ्याच शेजारून जायचा. मी काय करणार? मला आतून कोणी धरू शकत नव्हते.

त्या शेडमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण तिचे तोंड म्हणून मिटत नसे. तिची आई शिवणकाम करायची. आगीत मशीन गेले होते, पण सुई-दोऱ्यावर ती शेडमधल्या सगळ्यांचे फाटके-तुटके शिवून द्यायची. रेडिओ न्हाणीघरात आली की मला करमणूक असायची. तांब्या वाजवण्याऐवजी ती मोठमोठ्याने शाळेतली मापे आणि पाढे म्हणायची आणि चुकली की बाहेरून आई दुरुस्त करायची.

एका सकाळी आईला कोणी तरी हाक मारली, म्हणून ती चार पावले बाजूला गेली. तेवढ्यात एकाने दार ओढले. रेडिओ आत वाकून केस धूत होती. तो हसला, "अगं, मला काय ठाऊक आत कोण आहे ते," म्हणाला आणि दार उघडे टाकून निघून गेला. एवढेच झाले. पण त्या दिवसापासून ती पाढे म्हणेनाशी झाली. आई दाराशी असल्याशिवाय ती माझ्याकडे फिरकेना आणि सकाळी उठल्यापासून पाणी पिईनाशी झाली, म्हणजे जायलाच नको. तिचे ओठ फुटलेले मला लांबूनही दिसत. शेडमधल्या आणखी तीन-चार मुलीही तेच करत होत्या. मोठ्या बायकांना हे माहीत होते, पण व्यवस्थापकांना सांगायचे कोणी? धान्य कोणाला मिळणार, ती यादी तेच वाचत. उगाच डोळ्यांवर यायला नको, म्हणून सगळ्यांचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता.

काही दिवसांनी संस्थेच्या मुख्य कचेरीतून एक बाई पाहणीला आल्या. सगळे त्यांना पाहणीबाई म्हणू लागले. केंद्रात राहणाऱ्यांना, विशेषतः बायका-मुलांना, कशाकशाचा धोका आहे हे तपासायचे त्यांचे काम होते. हातात चार पानांचा छापील तक्ता होता. प्रत्येक प्रश्नापुढे 'आहे' आणि 'नाही' अशा दोन चौकटी होत्या. बाई मनाने चांगल्या होत्या. चिखलातून स्वतः मागच्या बाजूला आल्या.

"न्हाणीघरांना कड्या आहेत?" त्यांनी विचारले.

व्यवस्थापकांनी मला सरकवून दाखवले, मागे घेऊन दाखवले. बाईंनीही बोटाने सरकवून पाहिले. "छान, मजबूत आहे," त्या म्हणाल्या आणि 'आहे'वर खूण केली. मित्रांनो, माझी लाज वाटते मला, पण त्या शब्दाने मी सुखावले. कित्येक दिवसांत कोणी माझे कौतुक केले नव्हते.

मग त्यांनी बायकांना अंगणात बोलावले. व्यवस्थापकांनी खुर्च्या मांडल्या, चहा मागवला आणि एका खुर्चीत स्वतः बसले. बाईंनी विचारले, इथे काही त्रास आहे का? बायकांनी एकमेकींकडे पाहिले, मग व्यवस्थापकांकडे पाहिले आणि सगळे बरे आहे म्हणाल्या. रेडिओने तोंड उघडले होते. "बाई, ते मागचं दार..." एवढेच ती म्हणाली, तोच आईने तिचा हात दाबला. पाहणीबाईंनी वर पाहिले, पण त्यांना अजून दोन केंद्रे गाठायची होती. तक्त्याच्या शेवटी 'धोका कमी' असे लिहून त्या गेल्या.

त्यानंतर दहाव्या दिवशी धान्यवाटप होते. ज्याच्या नावाचे कार्ड, त्यानेच रांगेत उभे राहून अंगठा द्यायचा, असा नियम होता. रांग शेडच्या पुढच्या टोकाला होती आणि भोंग्यावरून नावे पुकारली जात होती. सगळ्या बायका तिकडे होत्या. रेडिओने सकाळपासून धीर धरला असावा. बाराला थोडा वेळ असताना ती एकटीच मागे आली, चोहीकडे पाहिले आणि माझ्या दारातून आत गेली.

बाराच्या ठोक्याला पहारेकरी काका आले. निवृत्त, वक्तशीर माणूस. मुलांना खिशातून गोळ्या द्यायचे. ते रोज या वेळी प्रत्येक दारावर टकटक करत, "आत कोणी आहे का?" असे विचारत आणि मग कडी लावत. माझ्या दारापाशीही त्यांनी विचारले.

ती गप्प राहिली. आतले मला दिसत नव्हते, पण तिची बोटे फळीच्या फटीत आलेली मला कळत होती. दार ओढले जाऊ नये म्हणून तिने ते दोन्ही हातांनी धरले होते. बाहेर पुरुषाचा आवाज होता आणि ती एकटी होती. 'आहे' म्हटले असते तर एकटी मुलगी आत आहे, हे त्या आवाजाला कळले असते. काकांनी दुसऱ्यांदा विचारले नाही. त्यांनी मला सरकवले आणि मी गुळगुळीत, बिनआवाजी कोयंड्यात जाऊन बसले. मला अडकून राहायचे नव्हते. पण हात लावील तशी कडी लागते.

पावले लांब गेल्यावर तिने दार ढकलले. पुन्हा ढकलले. मग तिने तांब्या वाजवला, नंतर ती ओरडली. पुढे भोंग्यावर नावे पुकारली जात होती. वर तापलेला पत्रा होता, नळाला पाणी नव्हते आणि सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तासाभराने तांब्याचा आवाज हळू झाला. मग थांबला. तिची आई मुलीला शोधत शेडभर फिरली. मागच्या बाजूलाही यायला निघाली होती. काकांनी तिला वाटेतच सांगितले, "तिकडे कोणी नाही गं. मी स्वतः विचारून कड्या लावल्यात." ती माघारी वळली. मला तिचे पाऊल ऐकू आले होते.

चार वाजता काकांनी मला मागे ओढले आणि दार उघडले. आत ती निपचित पडली होती. काकांनी तिच्या आईला हाक मारली. आईने रेडिओला उचलून नेले.

ती वाचली. आठवडाभर दवाखान्यात होती. येणारे-जाणारे सगळे तिला एकच विचारत होते, 'अगं, काका विचारत होते तर गप्प का बसलीस?' माझा संताप संताप होई. ज्या दाराला आतून कडी नाही, त्या दारामागे गप्प बसणे हीच त्या पोरीची कडी होती. शेडमधली जागा आणि धान्याचे कार्ड सोडून आई मुलीला घेऊन जळक्या वस्तीजवळच्या एका नातेवाइकाच्या खोलीत राहायला गेली. पहारेकरी काकांनी नोकरी सोडली. त्यांनी कोणाचेही वाईट चिंतले नव्हते, नियमाप्रमाणेच वागले होते आणि हेच त्यांना झोपू देत नसावे.

मग वरातीमागून घोडे निघाले. पाहणीबाई पुन्हा आल्या. या वेळी हातात तक्ता नव्हता. त्या थेट माझ्या दाराशी आल्या, आत गेल्या आणि दार ओढून घेतले. आतल्या फळीवरून त्यांचा हात फिरू लागला. वर, खाली, चौकटीपाशी, पुन्हा वर. तो हात कडी शोधत होता आणि फळी कोरी होती. बराच वेळ त्या आतच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा व्यवस्थापक काही सांगू लागले. "तुम्ही पुढे जाऊन बसा," त्या म्हणाल्या. "मी बायकांशी एकटी बोलणार आहे." त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत बायकांमध्ये चटईवर बसल्या. मग एका म्हातारीने सुरुवात केली आणि तांब्यापासून रांगेपर्यंत सगळे बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सुताराने आम्हा बाराही बहिणींना उपटून आतून ठोकले. आता मुली आत येतात, मला सरकवतात आणि निवांत पाढे म्हणतात. माझे काम मला अखेर मिळाले आहे. पण ते मला गोड लागत नाही.

कारण महिन्याभराने रेडिओची आई आली होती. पाहणीबाईंनी तिला मुद्दाम बोलावले होते. जागा परत देतो, मुलीला घेऊन या, असे त्या हात जोडून म्हणाल्या आणि मला दाखवले. आई आत आली. तिने मला सरकवले, मागे घेतले, पुन्हा सरकवले. तिची बोटे सुईने टोचलेली होती. दार उघडून ती बाहेर आली.

"कडी चांगली बसलीय, बाई," ती म्हणाली. "पण पोरगी आता कुठलंच दार लावू देत नाही. आंघोळ दार उघडं ठेवूनच करते. मी बाहेर उभी राहते."



मित्रांनो, काही भीतिदायक वाटले तर सांगा. कोणी हात दाबला तर दुसऱ्या कोणाला तरी सांगा. आणि उद्या मोठे होऊन असा तक्ता हातात घेऊन कुठे गेलात, तर बाहेर उभे राहून खूण करू नका. आधी आत जा, दार ओढून घ्या आणि हाताने चाचपून पाहा. कोणाची तरी मुलगी तिथे आत जाणार आहे.