शेजारच्या खोलीची मागणी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडे होते आणि त्या दोन्हींना मिळून एकच चष्मा होता. चष्मा बाबांचा. चिमणी आपला घरी विसरून आली होती, त्यामुळे तो कधी बाबांच्या नाकावर असे, कधी तिच्या. मागावा लागत नव्हता. एकाने डोळे बारीक केले की दुसरा काढून देत होता.

लेक ओट्यापाशी चहा गाळत उभी होती आणि ती देवघेव बघत होती.

बाबा म्हणजे शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाचे जुने हिशेबनीस. निवृत्त झाले तरी संस्थेला त्यांच्यावाचून चैन पडत नसे, आणि त्यांना संस्थेवाचून. त्यांच्या जागी आता चिमणी होती. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. अंगाने एवढीशी, आणि तोंड म्हणून मिटत नाही. लेक त्याच संस्थेत तिकीट विभागाची प्रमुख. तिला बाबा घरीदारी ‘साहेब’ म्हणत. गंमत म्हणूनच म्हणत, पण साहेबाच्या खांद्यावर कोणी हात टाकत नाही, हेही तितकंच खरं.

त्या वर्षी अध्यक्षांनी फर्मान काढलं होतं की विभागांची अंदाजपत्रकं यापुढे सॉफ्टवेअरवर व्हायची. निवडीत दोन उरली होती. पहिलं दिसायला देखणं, रंगीत वर्तुळं, फोनवरसुद्धा चालणारं. दुसरं करड्या चौकटींचं, हळू, जागोजागी अडणारं. नेपथ्य करणाऱ्या सुतारदादांनी पहिल्याचं नाव ‘नवरदेव’ ठेवलं आणि दुसऱ्याचं ‘सासरा’, आणि तेव्हापासून कंपन्यांची खरी नावं कोणाच्या तोंडी आली नाहीत.

“सर, हा नवरदेव बघा,” चिमणी म्हणाली. “सुतारकामाचं पान उघड म्हटलं, तर म्हणतो तुम्हाला परवानगी नाही.”

“म्हणजे आपल्याच घरात आपण पाहुणे. आणि सासरा?”

“उघडतो. कुरकुरतो, पण उघडतो. एका विभागाला दुसऱ्याच्या पानावर लिहू देतो, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव टाकतो.”

“माझ्यावरच गेलाय की!”

दोघं हसले. चष्मा पुन्हा इकडून तिकडे गेला.

“नवरदेवाला तिकीटविक्री थेट जोडता येते,” लेक कप ठेवत म्हणाली. “नाटक सुटायच्या आत कळेल, किती आले आणि किती गेले. सासऱ्यात ते सगळं हाताने भरावं लागेल. माझ्या माणसांनी.”

“बरोबर आहे, साहेब,” बाबा मान वर न करता म्हणाले. “ठेवा तिथे.”

चहा ठेवायचा की मुद्दा, हे तिला कळलं नाही. “तुमचं चालू द्या,” म्हणून ती आपल्या खोलीत गेली आणि पुस्तक उघडून बसली. पुस्तक चांगलं होतं. पान मात्र उलटलं नाही. भिंतीपलीकडून हसू आलं की तिचे डोळे पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला जात.

दिवेलागणीला चिमणीने दारातून हाक मारली, “येते हं, ताई.” लेक “या” म्हणाली. सगळी संस्था चिमणीला अगं-तुगं करायची. लेक तिला तुम्ही म्हणायची. आदर हा काही वेळा दार लावून घेण्याचा सभ्य प्रकार असतो.

जेवताना बाबा म्हणाले, “भाजी झकास झालीय, साहेब.” ती “हं” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा चहा टेबलावर निवत गेला, आणि हाक मारायला ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते झोपेतच गेलेले होते. चष्मा उशाशी होता, घडी घालून.

माणसं भेटायला आली. अध्यक्षांच्या पत्नी आल्या त्या सरळ कोपऱ्यात रडणाऱ्या चिमणीकडे गेल्या, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, “बाळ, बाप तो बापच गं.” वेशभूषेच्या काकूंनी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. मग त्या लगबगीने लेकीकडे आल्या, पण तोवर त्यांच्याकडची माया सांडून झाली होती. लेकीने त्यांना पाणी दिलं. ती रडत नव्हती, आणि ज्याच्या डोळ्यांत पाणी नाही त्याला लोक यजमान समजतात.

संस्थेत एक रीत होती, बाबांनीच घातलेली. पूर्वी अंदाजपत्रकाच्या बैठकीत जो तो आपल्या विभागाची मागणी फुगवून आणायचा आणि बाबा ती कापायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. एकदा ते वैतागले आणि म्हणाले, पुरे झालं. यापुढे कोणीही स्वतःसाठी मागायचं नाही. ओसरीवरच्या खोल्या ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने दोन-दोन खोल्यांची जोडी, आणि प्रत्येकाने जोडीतल्या शेजारच्या विभागासाठी मागायचं. त्याच्या खोलीत जाऊन बसायचं, काम बघायचं, आणि मग बैठकीत त्याच्या वतीने तोंड उघडायचं. लोक याला शेजारधर्म म्हणू लागले. पहिल्याच वर्षी सुतारदादांनी वेशभूषेसाठी कमरेइतक्या उंचीचं टेबल मागितलं, कारण काकू आजवर जमिनीवर बसून कापड बेतत होत्या आणि त्यांनी स्वतः ते कधी मागितलं नव्हतं. काकूंनी बैठकीतच पदर डोळ्यांना लावला. दादा म्हणाले, “रडू नका हो, टेबल मलाच करायचंय.”

रीतीला एक पोटनियम होता. ‘गेल्या वर्षीप्रमाणे’ असं लिहायचं नाही. ज्याने लिहिलं त्याने पुरा एक दिवस शेजाऱ्याच्या खोलीत बसून काढायचा. दंडच तो.

लेक तिकीट विभागाची प्रमुख झाली तेव्हा तिची खोली हिशेब विभागाला लागून, त्याच्याच जोडीत होती. म्हणजे रीतीप्रमाणे तिच्यासाठी बाबांनी मागायचं. ती मनातून त्या बैठकीची वाट बघत होती. घरी जे शब्द कधी कानावर पडले नाहीत ते निदान सभेत पडतील, म्हणून. बैठकीच्या आधी बाबांनी प्रकाशयोजनेच्या खोलीशी आपली खोली बदलून घेतली. मधे प्रकाशवाले आले. कोणी विचारलं तर म्हणत, “बापाने लेकीसाठी मागितलं तर लोक नावं ठेवतील.” सगळ्यांनी माना डोलावल्या, काय सचोटीचा माणूस! लेकीनेही डोलावली. त्यानंतर प्रकाशवाल्याने दर वर्षी तिच्यासाठी बल्ब मागितले.

बाबा निवृत्त झाले आणि चिमणीने पहिल्या महिन्यातच खोल्या पुन्हा होत्या तशा करून घेतल्या. लेकीला तो आगाऊपणा वाटला होता. बापाची खुर्ची मिळाली ती मिळाली, वर शेजारही हवा.

आता सॉफ्टवेअरचं घोडं अडलं होतं. व्यवस्थापक लेकीच्या खोलीत येऊन म्हणाले, “तुमच्या वडिलांचं शेवटचं काम हे. तुम्ही म्हणाल ते घेऊ. यंदाच्या मागण्या सगळ्यांनी भरल्या की बैठकीत दोन्ही चालवून बघू आणि तुम्ही बोट ठेवा.”

नवरदेव आला तर शेजारधर्म संपणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं. प्रत्येकाला आपलाच परवलीचा शब्द, आपलंच पान. पण सासरा घेतला तर चिमणीचं म्हणणं खरं होणार होतं. आणि त्या टेबलावरचं हसू कायमचं संस्थेच्या भिंतीवर टांगलं जाणार होतं. नवरदेवाच्या बाजूने कारणं चांगली होती. लेक ती रोज मनात म्हणून बघे, आणि रोज त्या कारणांच्या मागून एक एवढासा चेहरा डोकावे, नाकावर बाबांचा चष्मा घेऊन. मत्सराला कारणांची वाण कधीच नसते.

बैठक तालमीच्या दालनात भरली. आधी सासरा चालवायचा होता. पडद्यावर करडी चौकट उमटायला इतका वेळ लागला की सुतारदादा म्हणाले, “सासरा धोतर नेसतोय बहुतेक.” मग तिकीट विभागाचं पान आलं. खाली नाव चिमणीचं.

चिमणीने लिहिलं होतं: तिकीटखिडकीचा झरोका फार खाली आहे. गिऱ्हाईक वाकतं आणि आतलं माणूसही वाकतं. प्रमुखबाई गर्दीच्या दिवशी स्वतः खिडकीवर बसतात आणि संध्याकाळी उठताना भिंतीला हात लावतात. झरोका वर घ्यावा. वयस्क प्रेक्षकांना त्या मोठ्याने वाचून जागा समजावतात. त्यासाठी प्रेक्षागृहाचा उठावाचा नकाशा करून द्यावा, म्हणजे बोट फिरवून दाखवता येईल.

लेक पडद्याकडे बघत राहिली. भिंतीला हात लावते हे तिलाही माहीत नव्हतं.

पुढचं पान हिशेब विभागाचं. खाली नाव तिचं. आणि त्या भल्याथोरल्या करड्या चौकटीत दोनच शब्द: गेल्या वर्षीप्रमाणे.

नवरदेव असता तर तिने लिहिलेलं तिच्याखेरीज फक्त व्यवस्थापकांनी वाचलं असतं. सुतारदादांनी घसा साफ केला. “आता काय, ताई. दंड तो दंड. तुमच्या वडिलांनी मलाही सोडलं नव्हतं. दिवसभर शिवणयंत्रांच्या खडखडाटात बसलो होतो.”

“बसेन,” लेक म्हणाली.

“आणि सॉफ्टवेअर?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“बसून झाल्यावर सांगते.”

दुसऱ्या दिवशी ती हिशेब विभागात गेली. बाबा असताना तिथे बसण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता. दारात उभं राहून काम सांगायचं आणि निघायचं. चिमणीने तिला भिंतीलगतचं स्टूल दिलं आणि स्वतः बाबांच्या खुर्चीत चढून बसली. अक्षरशः चढून. पाय जमिनीला पोचत नव्हते. ते टेकायला खाली लाकडाची उतरती पाटी होती, कडा घोटून गुळगुळीत केलेली.

“सुतारदादांकडून करून घेतली होती सरांनी,” चिमणी म्हणाली. “मी रुजू झाले तेव्हा.”

लेकीने मान हलवली. पाटीवर टाचांच्या जागी खळगे पडले होते.

दिवसभर माणसं येत राहिली. कोणी अडलं की चिमणी म्हणे, “बघू, बघू, बघून बघू,” आणि लेकीची मान झटकन वर होई. ते बाबांचं वाक्य होतं. पेन्सिल कानामागे खोचणं बाबांचं होतं. नाही म्हणायच्या आधी समोरच्याला पाणी विचारणं, तेही. वारसा म्हणून तिच्याकडे घर आलं होतं, पुस्तकं आली होती. माणूस सगळा इथे आला होता.

तिला हेही दिसलं की खोलीला खिडकी आहे ती जिन्यात उघडते आणि दुपारपासून दिवा लावावा लागतो. येणारा प्रत्येक जण उभ्याने बोलतो, कारण दुसरी खुर्चीच नाही. मान वर करून करून चिमणी मानेमागे हात दाबते.

संध्याकाळी जाग ओसरली. चिमणीने दोन कप आणले.

“ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“मी खोल्या परत बदलल्या ते तुम्हाला रुचलं नाही ना? पण सरांच्या जिवाला ते फार लागून होतं. मला एकदा म्हणाले, लोकांचं नाव उगीच पुढे करतो गं मी. खरं म्हणजे तिच्यासाठी मागायला उभा राहिलो तर मला थांबता येणार नाही. भर सभेत शोभा होईल.” ती कपाकडे बघत होती. “म्हणून म्हटलं, त्यांना नाही जमलं तर मी मागेन.”

लेकीने ते ऐकलं. असं काही ऐकण्यासाठी तिने अर्धं आयुष्य कान टवकारले होते. आता ते आलं, आणि तिला वाटलं होतं तसं निवायला झालं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच: हेसुद्धा हिलाच सांगितलं.

पलीकडे तिच्याच विभागात कोणीतरी खिडकी बंद करायला सांगितलं. या भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हणजे इतके दिवस चिमणी तिला ऐकत होती, आणि तिने कधी या बाजूला कान दिला नव्हता.

“उद्या व्यवस्थापकांना सांग, सासरा घ्यायचा,” ती म्हणाली. “तिकिटांचे आकडे माझी माणसं हाताने भरतील. आणि तुझ्या पानावर मी नव्याने लिहिणार आहे. दुसरी खुर्ची. बरा दिवा. येणाऱ्याने बसून बोलावं.”

चिमणीने चमकून वर पाहिलं. “तुम्ही मला तू म्हणालात.”

“हो. ऐक आता, मधे चिवचिवू नकोस. सासरा तुला हवा होता म्हणून घेत नाहीये मी. मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, आत्ता या क्षणी वाटतोय. या पाटीचा वाटतोय, त्या चष्म्याचा वाटतोय, तू रडलीस आणि मला रडता आलं नाही याचा वाटतोय.”

चिमणीचे पाय पाटीवरून उचलले गेले होते आणि हवेत तसेच राहिले होते.

लेकीने कप खाली ठेवला. मग ती चिमणीकडे बघत नव्हती. खुर्चीच्या पाठीकडे बघत होती, जिथे चिमणीच्या डोक्यावर बरीच जागा रिकामी उरत होती.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मला साहेब नव्हतं व्हायचं. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं.”