पहिल्या सिनेमाचं तिकीट, दुसऱ्याचा शेवट

लेकीने हौसेने आपल्या वायरमन वडिलांना आणि आईला सिनेमावरून केलेल्या नाटकाच्या दुपारच्या प्रयोगाची तिकिटं काढून दिली, आणि तिथेच घोटाळा झाला. जाहिरातीत नाव होतं पहिल्या सिनेमाचं. त्यातली ती भांडखोर जोडी, ती गाणी, शेवटी लग्न, सगळं वायरमन आणि त्याच्या बायकोला तोंडपाठ. पण नाटकवाल्यांनी त्याच गोष्टीचा पुढचा, दुसरा सिनेमाही त्याच प्रयोगात कोंबलाय, हे बायकोने वाचलं ते नाट्यगृहातल्या फलकावर. तोवर नवरा आत जाऊन वरचे दिवे न्याहाळत बसलाही होता.

दुसरा सिनेमा त्याने कधी पाहिला नव्हता. "पहिला झालाय छान, कशाला बिघडवायचा!" म्हणायचा. तिने मात्र थोरल्या बहिणीबरोबर पाहिला होता. त्यात नायकाला जीवघेणा आजार होतो आणि बायको तो त्याच्यापासून लपवते.

आणि इथे हिच्या नवऱ्याच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी तिला आणि लेकीला आत बोलावून सांगितलं होतं, हा हिवाळा निघाला तरी पुष्कळ. मायलेकींनी त्याला सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळा. बिचारा पाळत होता!

पहिला अंक लग्नावर संपला, पडदा पडला. तिने झटकन पिशवी उचलली.

"चला हो, संपलं."

तो उठलाही. पण दारावरचा माणूस मेला आगाऊ. "कुठे निघालात काका? मध्यंतर आहे. खरी रडारड तर पुढेच!"

"काय गं, अर्ध्यावरच उठवत होतीस मला?" म्हणून नवरा हसत पुन्हा जागेवर जाऊन बसला. ती काय करणार, बसली.

सिनेमात निदान मध्ये पडदा असतो. इथे हाडामांसाची बाई चार हातांच्या अंतरावर उभी राहून, घामाघूम होऊन, गात गात नवऱ्याला सांगत होती, साधा ताप आहे, उतरेल. लोक नाकं शिंकरत होते.  वायरमनच्या बायकोने हळूच पाहिलं, तर नवऱ्याने खुर्चीचा हात गच्च धरला होता. तिला वाटलं, कळलं याला. मग वाटलं, कळलं असेल तर सुटले एकदाची. नसेल तर बाहेर पडल्या पडल्या आपणच सांगायचं, होऊ दे काय व्हायचं ते.

बाहेर बसथांब्यावर तिने धीर केला. "अहो, ऐका ना जरा..."

"थांब, आधी मला बोलू दे." तो संतापला होता. "काय बाई होती गं ती! तो बापडा उद्याच्या कामाचे बेत करतोय, आणि ही गाणी गातेय! माझ्याशी कुणी असं वागलं ना, तर मरताना तोंड बघणार नाही मी त्याचं." मग एकदम निवळून त्याने तिचा हात हातात घेतला. "माझं नशीब बघ. तुझ्या पोटात कधी काही राहतच नाही. हं, तू काय म्हणत होतीस?"



"वारा सुटलाय. मफलर नीट घ्या," ती म्हणाली, आणि स्वतःच त्याच्या वाळलेल्या गळ्याभोवती तो गुंडाळू लागली. तो लहान मुलासारखा मान वर करून उभा राहिला, तिच्या तोंडाकडे बघत. आणखी किती दिवस बघेल, ते तिला ठाऊक नव्हतं.