खालचं शेपूट

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या त्या कचेरीत मुख्य संपादकांना सगळे माघारी मास्तर म्हणत. माणूस मनाने वाईट नव्हता, पण आपलंच घोडं पुढे दामटायची खोड काही जात नव्हती. भूगोलाच्या पुस्तकावरच्या मेलला उत्तर देताना ते कधी वर लिहीत, कधी दुसऱ्याच्या मजकुरात मध्येच लाल अक्षरांत घुसत, तर कधी पार तळाशी. जुन्या मेलांचं शेपूट तसंच लोंबत राही.

भूगोलाचं पुस्तक बघणाऱ्या ताई अंध होत्या. कॉम्प्युटर त्यांना मेल वाचून दाखवी, आणि लाल-काळं त्याच्या लेखी सारखंच. "सर, उत्तर वर लिहा, खालचं जुनं पुसून टाका," असं ताईंनी तीनदा सांगितलं होतं. मास्तरांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

ताईंची उत्तरं उशिरा येतात, तेव्हा पुस्तक दुसऱ्याला द्यायचं, असं ठरवून एका सकाळी मास्तर तावातावाने त्यांच्या टेबलाशी गेले.

"ताई, चार ओळींच्या मेलला दोन दिवस?"

"चार ओळी तुम्हाला, सर." ताईंनी हेडफोनची वायर काढली. "तुमचं उत्तर कुठे दडलंय कळत नाही, म्हणून मी तळापर्यंत ऐकते. आज तुम्हीपण ऐका."

यंत्र एका सुरात बोलू लागलं. नाव, तारीख, मजकूर; पुन्हा तेच नाव, तीच तारीख. मास्तर या पायावरून त्या पायावर होत राहिले. सात-आठ मिनिटांनी, अगदी तळाशी, महिन्यापूर्वी त्यांनीच पुस्तकाच्या चित्रकाराला लिहिलेलं वाक्य आलं: 'ताईंना यात कशाला घेता? त्यांना दिसत नाही, आपलंच काम दुप्पट होईल.' चित्रकाराने पुढे ताईंना त्याच मेलमध्ये जोडून घेतलं होतं. इतक्या खाली जाऊन बघतो कोण?

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. शेजारच्या टेबलावरची टकटक थांबली होती.

"हे... आधी ऐकलं होतंत?"

"एकोणीस मेल आले, सर. प्रत्येकाच्या तळाशी आहे."

मास्तर आपल्या खोलीत परतले. तोंडाने माफी मागायचा धीर होईना, म्हणून लिहायला बसले. तासभर खोडून खोडून दोनच ओळी उरल्या: 'ताई, मी लिहिलं तो हलकटपणा होता, मला लाज वाटते. पुस्तक तुमचंच.' अगदी वर, काळ्या अक्षरांत. पाठवून टाकल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं.

काचेपलीकडे ताईंनी हेडफोन चढवले. दोन ओळींना वेळ तो कितीसा? एक मिनिट गेलं. दोन गेली. ताई मान किंचित कलती करून ऐकतच होत्या.

मास्तरांनी पाठवलेला मेल घाईघाईने उघडला आणि खाली सरकवला. सवयीने त्यांनी जुन्याच मेलला उत्तर दिलं होतं. शेपूट जिथल्या तिथे होतं.

ते धावत ताईंच्या टेबलाशी गेले. "ताई, पुढचं ऐकू नका," ते म्हणाले. अख्ख्या खोलीने ते ऐकलं. ताईंच्या कानांवर हेडफोन होते.