सतरात नऊ

आमच्या नगरपंचायतीत सदस्य सतरा, त्यातल्या नऊ बाया. पण अडीच वर्षांत तीनदा पाठिंबे फिरले, तीनदा सत्ता पालटली, ते सगळं नवऱ्यांच्या बैठकीत. सही बाईची, तोंड नवऱ्याचं. आणि सत्ता पालटली की बाजारातल्या बायांच्या शौचालयाचा ठराव आधी बुडायचा.

माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, सदस्य आहेत आणि शुक्रवारच्या बाजारात भाजीही विकतात. त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. प्यायलं तर जायचं कुठे?

यंदा अध्यक्षपद महिलेला राखीव झालं. फोडाफोडीच्या धाकाने एका गटाने आपली माणसं पेंचला नेली, दुसऱ्याने चिखलदऱ्याला. माणसं म्हणजे कोण, तर नवरे! नवरा हाती तर मत हाती, असा हिशेब. माझे सासरे शालिकराम नवी बॅग घेऊन ऐटीत गेले. पक्ष सांगेल त्यालाच मत द्यायचं, या व्हिपच्या कागदावर पोच म्हणून बायांऐवजी सह्याही नवऱ्यांनीच ठोकल्या.

इकडे नऊही बाया आमच्या ओट्यावर जमल्या.

"नवरे गेले सहलीले," सासूबाई म्हणाल्या. "आता मोजा वं. सतरात नऊ म्हंजे काय?"

"बहुमत!" इंदुताई म्हणाल्या. त्या तर दुसऱ्या गटाच्या उमेदवार.

सासूबाईंनी अर्ज भरला तेव्हा दोन्ही गट पोट धरून हसले. म्हातारीला एक मत पडेल म्हणे, स्वतःचं.

शुक्रवारी सभागृहात मनकर्णाबाईंचं नाव पुकारलं आणि नऊ हात वर गेले. इंदुताईंचा सगळ्यात उंच. मागे बसलेली मी आनंदाने ओरडलेच.

सासऱ्यांच्या गटाचे नेते सुमंतराव उसळले, "व्हिप मोडला! अपात्र करा यांना!"

निवडणूक अधिकाऱ्यांनी व्हिपचा कागद पाहिला. "शालिकराम कोण? सदस्य आहेत? मग बाईंना व्हिप मिळालाच कुठे?"

सभागृह खो खो हसलं. बाया मात्र हसल्या नाहीत, टाळ्या वाजवत राहिल्या.

दारातून सासरे कुरकुरले, "काहून वं, मले विचारलं नाही?"

"तुमी सहलीले होते ना."

सासूबाई खुर्चीवर बसल्या, पदर सावरला आणि पहिला हुकूम दिला, "बाजारात शौचालय बांधून होईस्तोवर या ऑफिसातलं बायांसाठी उघडं राहीन. कुलूप काढा."

शिपाई चावी घेऊन पळाला. कुलूप निघाल्याचं त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं, परत आल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"मिनल, पाणी दे वं."

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, सासूबाईंनी अख्खा तांब्या घटाघटा रिकामा केला.